अंतराळातला आक्षेप

व्यंकटरावांना फुकट घेण्यासारख्या वस्तूही जगात फारशा दिसत नसत, मग विकत घेण्यासारख्या कुठून दिसणार? लेखापरीक्षण खात्यात त्यांची हयात गेली ती सरकारी खरेदीवर आक्षेप काढण्यात. निवृत्त झाल्यावर सरकारी खरेदी हातची गेली, तेव्हा त्यांनी परभणीतल्या आपल्या गल्लीतली खाजगी खरेदी तपासायला घेतली. कुणी कूलर आणला की त्याच्या पत्र्यावर टिचकी मारायची आणि ‘बघू’ एवढंच म्हणायचं. त्या एका शब्दानं धन्याची झोप उडायची. शेजारच्या मंजुषाबाईंकडे नवा सोफा आला तेव्हा व्यंकटराव पाहायला गेले, पण त्यावर बसले नाहीत. उभ्यानेच चहा पिऊन परत आले.

अशा माणसासमोर त्यांच्या मुलीनं जेवताना पुस्तकाचा विषय काढावा, हे स्वरदाचं धाडस म्हणायचं की अजाणपण, हे सांगणं कठीण आहे. स्वरदा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. स्वतः कमवत होती. गुपचूप मागवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

“बाबा, एक पुस्तक घ्यायलेय मी,” ती म्हणाली. “चांगलं जाड आहे. अंतराळातल्या खेळाचं इंग्रजी नियमपुस्तक.”

“खेळ? मग पट कुठाय? सोंगट्या कुठायत?”

“नसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो चालक. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायची. कुणी वैमानिक, कुणी डॉक्टर. आपला माणूस काय करतो ते आपण सांगायचं. जमतं का न्हाई असा प्रश्न आला की फासे टाकायचे. पुढं काय होतं, ते पुस्तकातले नियम ठरवतात.”

“म्हणजे चार माणसांनी बसून थापा मारायच्या.”

“हो, पण नियमानं.”

नियमानं मारलेल्या थापा व्यंकटरावांनी जन्मभर तपासल्या होत्या. त्यांनी वरणाची वाटी बाजूला सरकवली.

“घेण्यासारखं आहे का न्हाई, तुम्हीच सांगा,” स्वरदा म्हणाली. आणि तिथंच ती फसली. बरेच दिवस व्यंकटरावांचं मत कुणी आपणहून विचारलं नव्हतं. ते द्यावंच लागे, तेही लोकांच्या मागे मागे जाऊन. आता मत मागितलं गेल्यावर ते असं एका घासात देऊन टाकायचं म्हणजे मताचा अपमान. त्यांनी जाहीर केलं की खरेदीपूर्व तपासणी होईल, रीतसर होईल, आणि पंचांसमक्ष होईल.

त्या जाड पुस्तकाची एक फुकट मिळणारी बारकी चोपडी होती. हलवाई पेढ्याचा तुकडा चाखायला देतो ना, तसली. ती छापून आणून रविवारी दुपारी एकदा खेळून बघायचं ठरलं. पंच म्हणून दिनकरराव आणि मंजुषाबाई. दिनकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आपल्याला यंत्रातलं कळतं अशी त्यांची समजूत होती आणि खात्यानं ती कधी तपासून पाहिली नव्हती. मंजुषाबाई शाळेत शिकवायच्या आणि कुठल्याही गोष्टीला ‘छान उपक्रम आहे’ म्हणायच्या. व्यंकटरावांच्या मते हे दोघे म्हणजे गल्लीतल्या बुद्धीचा तळ. म्हणूनच त्यांना बोलावलं होतं.

बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. आत कूलर घरघरत होता. लुडोचे फासे डब्यातून बाहेर निघाले. दिनकररावांनी यानाचं इंजिन घेतलं, मंजुषाबाई डॉक्टर झाल्या. व्यंकटरावांच्या बायको विमलाबाई सरबत करून बाहेर येईपर्यंत सगळ्या जागा भरल्या होत्या. उरलं होतं ते कप्तानपद. “मला काय कळतंय त्यातलं,” म्हणत त्या पदराला हात पुसत बसल्या. यानाचं नाव काय ठेवायचं, असं स्वरदानं विचारलं, तर जिल्ह्यातल्या नदीचं नाव पट्‌कन सांगून मोकळ्या झाल्या, “दुधना.” आपल्या बायकोला इतक्या लवकर काही सुचतं, हे व्यंकटरावांना तीस-पस्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

“बाबा, तुम्ही कोण होणार?”

“लेखापरीक्षक.”

“अंतराळात?”

“जिथं खर्च, तिथं आम्ही.”

खेळ सुरू झाला. दुधना यान एका ओसाड अवकाशस्थानकाला जाऊन लागलं. तिथली माणसं गायब होती. स्वरदा आवाज खाली आणून सांगायला लागली तसा मंजुषाबाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला. दिनकररावांनी चष्मा पुसला. व्यंकटराव तेवढे पाठ ताठ करून बसले होते. सिनेमाला फुकट पासावर आलेला माणूस बसतो तसे.

“स्थानकाचं गोदाम आधी तपासू,” ते म्हणाले. “मी बाहेर चाललो.”

“हेल्मेट घालता ना?”

“परभणीत स्कूटरवर कधी घातलं न्हाई, तिथं कशाला?”

“बाबा, बाहेर हवा नाही.”

“परभणीत तरी एप्रिलात कुठं असते? मी दार उघडलं. निघालो.”

स्वरदानं दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं. मग तिनं फासे टाकले, चोपडीत पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “बाबा, तुम्ही गेलात.”

“गोदामात?”

“नाही. तसं नाही. गेलात.”

मंजुषाबाईंच्या तोंडून सवयीनं ‘अरेरे’ निघून गेलं. सगळ्यांच्या माना कप्तानाकडे वळल्या. विमलाबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “दार लावून घ्या आधी. आतली हवा जायलीय.”

दिनकररावांनी इमानानं दार लावलं.

व्यंकटराव खवळले. माणूस असा एका दमात मरत नाही, त्याला आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हा कुठला कायदा? स्वरदानं चोपडी दाखवली. निर्वात जागेबद्दल तिथं फक्त एक ओळ होती, आणि तिच्यापुढे ‘सविस्तर नियम मूळ पुस्तकात पाहा’ असं लिहिलेलं.

“म्हणजे अर्धवट नियमावर मला मारला!”

“बसून घ्या व्यंकटराव,” दिनकरराव म्हणाले. “मेलेल्या माणसानं एवढं बोलू न्हाई.”

व्यंकटराव उठले. दारात उभं राहून त्यांनी निकाल दिला, की हे पुस्तक म्हणजे रद्दी आहे, ते लिहिणारे रिकामटेकडे आहेत, खेळणारे त्याहून रिकामटेकडे, आणि जो कुणी ते विकत घेईल त्याच्या अकलेचं लेखापरीक्षण व्हायला पाहिजे. आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेला. स्वरदाचा चेहरा उतरला. “बरं. नाही घेत,” ती म्हणाली.

इथं प्रकरण संपायला हवं होतं. शहाणी माणसं असती तर संपलंही असतं. पण पुढच्या रविवारी ही मंडळी फुकटच्या चोपडीवरच पुन्हा खेळायला बसली. व्यंकटराव आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून पडले होते. बाहेरून आवाज यायचे. विमलाबाई कुणालातरी सांगत होत्या, “न्हाई, आपण त्या बाजूनं जायचं न्हाई. इंजिनाला दम खाऊ द्या.” आणि दिनकरराव, ज्यांनी नोकरीत साहेबाचं कधी ऐकलं नाही, ते म्हणत होते, “जी, कप्तान.” मध्येच हसण्याचा लोट उठला. व्यंकटरावांच्या जागेवर कुणी रडत नव्हतं. त्यांचं प्रेत स्थानकाबाहेर तसंच तरंगत होतं आणि त्याची आठवणही कुणाला नव्हती.

हे त्यांना सहन होईना. भाजी आणायला गेले तर गिरणीवाला विचारायचा, “काका, तुमी वर गेलाव म्हणं?” मंजुषाबाई दिसल्या की एकदम हळुवार बोलायच्या. व्यंकटरावांची खात्री पटत चालली होती, की मूळ पुस्तकात आपल्या बाजूचा नियम असणारच. तो एकदा सापडला की अपील. पण पुस्तक घ्यायचं कुणी? रद्दी म्हणून निकाल तर त्यांनीच दिला होता, तोही दारात उभं राहून.

एका सकाळी ‘चक्कर मारून येतो’ म्हणून ते बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही असं पाहून त्यांनी दबक्या आवाजात पुस्तकाचं नाव सांगितलं.

“कोणत्या परीक्षेला हाय?” दुकानदारानं विचारलं.

“परीक्षेला न्हाई. खेळाचं आहे. अंतराळातलं.”

“क्रीडा अधिकारी का? त्याचं गाईड आलंय नवीन. प्रश्नसंच घ्या सोबत. वय किती पोराचं?”

“पोराचं न्हाई. मला पाहिजे.”

दुकानदारानं त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. “वय उलटून गेलं काका तुमचं. अर्ज बाद होतोय.”

परभणीला अक्कल नाही, हे मत व्यंकटरावांनी त्या दुकानाच्या पायरीवर कायम केलं. घरी येऊन त्यांनी मोबाईलवर पुस्तक शोधलं. सापडलं. पण पार्सल घरी आलं तर विमलाबाई घेणार, गल्ली बघणार. मग त्यांना एक युक्ती सुचली. लेखापरीक्षक आयुष्यभर दुसऱ्यांच्या लबाड्या बघतो, पण बघून बघून ती विद्या अंगात येत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला अजून आठवडा होता. त्यांनी पत्ता घातला चुडाव्याचा. तिथं विमलाबाईंचे धाकटे भाऊ आश्रुबा राहत. जमीनदार माणूस, इंग्रजीचं वावडं. पार्सल आलं की फोन करेल, आपण जाऊन घेऊन येऊ. फोनवर त्यांना एवढंच बजावलं, की ताईला बोलायचं नाही.

आठवड्यानं फोन आला. “दाजी, पार्सल आलंय. फोडलं.”

“फोडलं? कशाला फोडलं?”

“मंग? आमच्या नावानं आलंय. तुमी लगेच या. गावात लय बोभाटा झालाय.”

सकाळच्या गाडीनं व्यंकटराव निघाले. पिंगळी गेलं, पूर्णा गेली, आणि प्रत्येक स्टेशनागणिक त्यांचं मेहुण्याबद्दलचं मत खाली खाली जात राहिलं. चुडाव्याला उतरले तेव्हा त्या मताला आणखी उतरायला जागा नव्हती.

ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली होती. मध्ये टेबल, टेबलावर ते जाड पुस्तक, आणि पुस्तकाच्या दोन्ही अंगाला हात रोवून आश्रुबा उभे. पुस्तकाच्या मधल्या पानावर मोठा नकाशा होता. त्यावर षटकोनी चौकटी, ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या जाड तांबड्या रेघा. गेल्या वर्षापासून त्या भागात नव्या महामार्गाची हूल उठली होती. कुणाची जमीन जाणार, कुणाची राहणार, याचा घोर प्रत्येकाला होता. अशा गावात तांबड्या रेघांचा नकाशा टपालानं आला, तोही लपूनछपून, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या सांगण्यावरून. मग दुसरं काय होणार?

“दाजी, खरं सांगा,” आश्रुबा म्हणाले. “ही रेघ आमच्या हिरीवरून जायलीय का न्हाई?”

“अरे, ती रेघ शनीकडं चाललीय!”

“शनी म्हंजे शिंगणापूर का?” मागून एक म्हातारा म्हणाला. “मंग चुडाव्यावरून कशाला नेत्यात? सरळ रस्ता हाय की.”

“शनी ग्रह! आकाशातला!”

“आसं का? म्हंजे पूल हाय,” म्हातारा इतरांना म्हणाला. “वरून जायलाय.”

तलाठी योगीराज रविवार असूनही खुर्चीवर बसले होते. नोकरीत नवे होते, त्यामुळे फार कडक होते. त्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. “हे असं देता येणार न्हाई. नकाशा शासनाचा न्हाई, असं तुमच्याकडून लेखी पाहिजे. आणि कशासाठी मागवला, त्याचा खुलासा.”

खुलासा! ज्या शब्दानं व्यंकटरावांनी जिल्ह्यातल्या कैक गटविकास अधिकाऱ्यांना घाम फोडला होता, तो शब्द एका कालच्या पोरानं त्यांच्यावर टाकला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“खेळाचं पुस्तक आहे हे.”

“कोण खेळतं?”

“घरची मंडळी.”

“मग घरी का न्हाई मागवलं?”

प्रश्न बिनतोड होता. असले प्रश्न व्यंकटराव स्वतः विचारायचे, आणि समोरचा माणूस पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला की त्यांना बरं वाटायचं. आता इथं फरशी नव्हती, माती होती. त्यांनी तीच उकरली. गावातल्या बाया ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटी ते कसेबसे म्हणाले, “माझा माणूस मेलाय.”

कुणीतरी डोक्यावरचं उपरणं काढलं. आश्रुबांचा चेहरा पांढरा पडला.

“कोण गेलं दाजी? आमाला कळवलं सुदीक न्हाई! ताई बरी हाय ना?”

“ताई बरी आहे. ताई कप्तान आहे. मी गेलोय. खेळात. अंतराळात गेलो, हेल्मेट घातलं नव्हतं, म्हणून मेलो. ते मरण नियमात बसतं का न्हाई, हे बघायला मागवलंय पुस्तक. झालं समाधान?”

झालं. साऱ्या चुडाव्याचं समाधान झालं. हसण्याची पहिली लाट ग्रामपंचायतीपासून निघाली आणि पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. योगीराजांनी तोंडावर फाईल धरली होती, पण फाईल हलत होती. म्हातारा तेवढा गंभीर होता. त्यानं व्यंकटरावांच्या खांद्यावर हात ठेवला. “बरं मंग, पुस्तकात बघून उठता येतंय का? आमच्या बी घरात एक-दोन जण हायत.”

परतीच्या गाडीत व्यंकटरावांनी पुस्तक उघडलं. ज्या वस्तूपायी माणसाची इज्जत चव्हाट्यावर गेली, तिच्यात दोष तरी भरपूर सापडावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. सापडलेही. अनुक्रमणिका ढिसाळ, चित्रं भडक, अक्षर बारीक. यंत्रमानवांच्या दुरुस्तीवर एवढी पानं खर्ची घातली होती की पूर्णा स्टेशन आलं तरी संपली नाहीत. आणि मग मिरखेलच्या अलीकडे त्यांना तो नियम मिळाला.

त्यांनी तो दोनदा वाचला. हेल्मेटाशिवाय बाहेर पडलेला माणूस लगेच मरत नाही. त्याची शुद्ध हरपते, पण थोडा अवकाश असतो. तेवढ्यात आतल्या साथीदारानं दार उघडून त्याला ओढायचं ठरवलं, तर फासे टाकून तो वाचू शकतो. मात्र दार उघडण्यात आतल्यांनाही धोका आहे, म्हणून उघडायचं की नाही, तो निर्णय यानाच्या कप्तानाचा.

अपील जिंकलं होतं. व्यंकटरावांनी खिडकीबाहेर पाहून मिशीवर हात फिरवला. आणि मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की दार लावून घ्यायला कोणी सांगितलं होतं.

रविवार होता. ते घरात शिरले तेव्हा चौघं टेबलाभोवती बसले होते. त्यांनी पुस्तक धाडकन मध्ये ठेवलं. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही, हे त्यांना जरा लागलं.

“आश्रुबाचा फोन येऊन गेला,” विमलाबाई म्हणाल्या. “दहाव्याला कधी येऊ म्हणून विचारत होता. वात्रट आहे.”

स्वरदानं पुस्तक जवळ ओढलं, पानांवरून हात फिरवला, वास घेतला. मग बाबांनी कोपरा दुमडलेलं पान तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. “बाबांचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी चुकले. यांना मारायच्या आधी कप्तानाला विचारायला पाहिजे होतं.”

“छान उपक्रम आहे,” मंजुषाबाई म्हणाल्या.

“म्हणजे पुस्तक घेण्यासारखं आहे म्हणायचं का, व्यंकटराव?” दिनकररावांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

“एक पान बरं आहे. बाकी रद्दी.”

“मग आपण तिथूनच पुढं खेळू,” स्वरदा म्हणाली. “बाबा बाहेर तरंगतायत. शुद्ध हरपत चाललीय. आई, दार उघडायचं का?”

व्यंकटराव निवांत झाले. खुर्ची ओढून बसले. आता काय, औपचारिकता. पण विमलाबाईंनी पुस्तक आपल्याकडे वळवलं आणि बोटानं ओळी धरत धरत वाचायला लागल्या. कूलर घरघरत राहिला.

“उघडलं तर आतल्यांना धोका आहे?”

“आहे.”

“दिनकररावांना, मंजुषाला?”

“सगळ्यांनाच.”

“हं,” म्हणून विमलाबाई पुन्हा विचार करू लागल्या. व्यंकटराव खुर्चीच्या कडेवर सरकले. लग्नापासून आजवर ही बाई एखाद्या गोष्टीचा इतका वेळ विचार करते, असं कधी झालं नव्हतं. किंवा झालं असेल, आणि त्यांनी निर्णय आधीच देऊन टाकला असेल.

“अहो, एवढं काय त्यात!” ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्याहून बारीक निघाला.

“घेते आत,” विमलाबाई शेवटी म्हणाल्या. “पण या यानावर माझं ऐकावं लागंल. दर वेळी आक्षेप न्हाई काढायचा. कबूल असंल तर सांगा.”

दिनकररावांनी छताकडे पाहिलं. मंजुषाबाईंनी पेल्यात पाहिलं. स्वरदा फासे मुठीत धरून थांबली होती. व्यंकटरावांचे ओठ हलले.

“काय म्हणालाव?”

“कबूल आहे म्हटलं,” व्यंकटराव पुटपुटले.

“मोठ्यानं म्हणा,” विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. “बाहेर हवा नाही ना. आत ऐकू येत न्हाई.”